लिखाणाचं बिल कोण काढतंय? स्टीमिट-हायव्ह की आपला साधा ब्लॉग

जुना_राजवाडा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, भाच्याचं एक कोडं घेऊन आलोय.

भाचा बारावी उरकून बसलाय. पहाटे गंगावेशीत तालमीत घाम, दिवसभर मोबाईल. परवा जेवताना म्हणाला, "मामा, कुस्तीवर लिहितो म्हणतोय. खासबाग, जुने पैलवान, खुराक, आखाड्याच्या हौद्यातली माती कशी तयार करतात, सगळं. ब्लॉकचेनवर लिहिलं की डॉलर मिळतात म्हणं. तुम्ही लिहीत होता न्हवं?"

लिहीत होतो. त्याला सांगायला बसलो आणि भाकरी गार झाली, तरी त्याच्या पदरात काही पडलं नाही. म्हणून इथं मांडतो.

२०११ पासून मी गुगलच्या ब्लॉगरवर फुकट लिहायचो. २०१७ च्या दिवाळीत एका मित्रानं स्टीमिट दाखवलं. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी २०१६ साली काढलेलं संकेतस्थळ, आणि त्याच्या खाली स्टीम नावाची ब्लॉकचेन, म्हणजे अनेकांच्या संगणकांवर मिळून ठेवलेली नोंदवही. लेख टाकायचा, लोकांनी अपव्होट दिला की लेखाखाली डॉलरचा आकडा चढायचा, सातव्या दिवशी वाटणी होऊन आपला हिस्सा वॉलेटात. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या टोकनाचा, म्हणजे एका स्टीमचा भाव आठ डॉलरच्या घरात गेला होता. त्या महिन्यात रंकाळ्यावरच्या धुक्याचे चार फोटो आणि खाली आठ ओळी, एवढ्यावर मला छत्तीस डॉलर मिळाले. बायकोला वाटलं मी ऑनलाइन तीनपत्ती खेळतोय.

मग एप्रिलात मी खरं काहीतरी लिहिलं. आजोबा उद्यमनगरात मोल्डर होते. वाळूत मळी किती घालायची हे ते मूठ दाबून, ती मूठ कानाशी नेऊन ठरवायचे. कशासाठी कानाशी, ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. रस ओतताना उडालेल्या ठिणग्यांचे डाग त्यांच्या दोन्ही पावलांवर होते, आणि लहानपणी मी ते मोजायचो. तीन रात्री बसून लिहिलं. सातव्या दिवशी ०.०१ डॉलर. तेही मिळालं नाही, कारण दोन सेंटच्या खालची रक्कम ती यंत्रणा देतच नाही. तिला तिथं धूळ म्हणतात.

धुक्याच्या फोटोंना एका व्हेलनं, म्हणजे टोकनांचा ढीग असलेल्या देवमाशानं मत दिलं होतं, आजोबांना नाही. ज्याच्याकडं टोकन जास्त त्याचं मत वजनदार, असा तिथला कायदा. आमच्यासारख्या दोनशे जणांनी बोटं झिजवली तरी आकडा हलायचा नाही, आणि देवमाशानं नुसती शेपूट हलवली की छत्तीस.

तर भाच्याला काय सांगू?

कागलचा_ऊस | शनिवार, रात्री ११.०५

वाचतोय. एक अडाणी प्रश्न. हे पैसे देतंय कोण? ब्लॉगवर जाहिरातवाला देतो, ते कळतं. इथं कोण?

जुना_राजवाडा | शनिवार, रात्री ११.२०

अडाणी नाही, तोच मुद्द्याचा प्रश्न आहे, आणि मी तो दोन वर्षं विचारलाच नव्हता.

कुणीच देत नाही. दरवर्षी ठराविक टक्क्यांनी नवी टोकनं तयार होतात. २०१९ च्या बदलानंतर त्यातली ६५ टक्के लेखक आणि मत देणारे यांच्यात वाटली जातात, बाकीची साखळी चालवणारे, टोकन अडकवून ठेवणारे आणि विकासनिधी यांच्यात. त्या टोकनाला बाजारात कुणी गिऱ्हाईक असेल तर त्याचे पैसे होतात. गिऱ्हाईक आटलं की तुमचा लेख तोच, मतं तीच, पैसे कमी.

आणि लेखकाचा वाटाही अख्खा नाही. ऑगस्ट २०१९ पासून निम्मी रक्कम मत देणाऱ्यांची. उरलेल्या निम्म्यातला अर्धा भाग डॉलरसारख्या टोकनात हातात मिळतो, अर्धा 'पॉवर' म्हणून अडकतो. तो सोडवायचा तर तेव्हा तेरा आठवड्यांचे तेरा हप्ते.

कागलचा_ऊस | शनिवार, रात्री ११.४१

म्हणजे कारखाना झाला की ओ! सभासद व्हायचं, ऊस घालायचा, बिलातनं ठेवीची कपात, आणि ती ठेव परत मागायला गेलं की साहेब मीटिंगमध्ये.

तुमचे सात दिवसांत तरी देतात. उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं असं १९६६ च्या आदेशात लिहिलंय, आम्ही दरवर्षी ते वाचून दाखवतो. पण उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला भाव. ऊस कसा का असेना, उतारा बघून टनाला कमीत कमी इतके द्यायचेच. तुमच्या आजोबांच्या लेखाला एफआरपी किती?

जुना_राजवाडा | शनिवार, रात्री ११.४८

धूळ.

सहावी_गल्ली | रविवार, सकाळी ७.३०

कारखान्याची उपमा झकास, पण एका ठिकाणी मोडते, आणि बरोबर तिथंच सगळा घोळ आहे.

सहकारात शेअर एक असो नाहीतर पाचशे, सभासदाला मत एक. म्हणून तर मतदानाच्या दिवशी पुढारी एका एका म्हाताऱ्याला गाडी पाठवून आणतात. स्टीममध्ये जितके शेअर तितकी मतं. पुढं काय होणार हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

२०२० सालचं सांगतो, कारण मी तेव्हा रात्र रात्र जागून ते बघितलंय. फेब्रुवारीत ट्रॉन नावाच्या दुसऱ्या ब्लॉकचेनवाल्या जस्टिन सननं स्टीमिट ही कंपनी विकत घेतली. कंपनीकडं सुरुवातीपासूनचा टोकनांचा मोठा साठा होता. तो मतदानाला वापरायचा नाही, असं जुन्या मालकांनी लोकांना सांगितलेलं. नवा मालक तो शब्द पाळेल का, या धास्तीनं साखळी चालवणाऱ्यांनी तो साठा गोठवला. या चालवणाऱ्यांना तिथं विटनेस म्हणतात, वरचे वीस जण महत्त्वाचे, म्हणजे आपलं संचालक मंडळच. झालं. मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या एक्सचेंजांनी, म्हणजे टोकनांची खरेदी-विक्री जिथं चालते त्या पेढ्यांनी, गिऱ्हाइकांनी आपल्याकडं ठेवायला दिलेली टोकनं 'पॉवर'मध्ये टाकली आणि त्या जोरावर मतदान केलं. वीसच्या वीस विटनेस एका झटक्यात बाहेर, नवे वीस आत.

विचार करा. तुम्ही बँकेत ठेव ठेवलीय, आणि बँकेनं त्या ठेवीचे शेअर घेऊन कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल निवडून आणलं! वर ती टोकनं तेरा आठवड्यांच्या हप्त्यात अडकली, म्हणजे ठेवीदाराला 'पैसे द्या' म्हणायचीही सोय राहिली नाही. बोंबाबोंब झाल्यावर मतं मागं घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं.

मग लोकांनी जे केलं ते मात्र कुठल्या कारखान्यात होत नाही. २० मार्च २०२० ला, म्हणजे आपल्याकडच्या जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी, अख्ख्या साखळीची नक्कल करून ती वेगळी काढली. तीच हायव्ह. जवळजवळ सगळ्यांचे लेख आणि शिल्लक जशीच्या तशी तिकडं, कंपनीचा तो साठा आणि नव्या मालकाच्या बाजूनं मत दिलेल्या काही खात्यांची शिल्लक तेवढी वगळली. चालकांवर रुसून सभासदांनी अख्खा कारखाना, गाळपासकट, शेजारच्या माळावर उभा केला असं समजा.

कागलचा_ऊस | रविवार, सकाळी ७.५२

नाद खुळा! आणि जुना कारखाना?

सहावी_गल्ली | रविवार, सकाळी ८.०१

तोही चालू आहे. दोन्ही चालू आहेत. भाव दोन्हीकडं त्या आठ डॉलरच्या आसपासही नाही.

एरंडवणे_बाल्कनी | रविवार, सकाळी ९.१५

चर्चा रंजक आहे, पण मूळ प्रश्न बाजूला पडतोय असं नम्रपणे सुचवतो. भाच्याला मराठीत लिहायचं आहे. त्याला वाचक कुठे मिळेल? मी हायव्हवर मराठी लेख शोधून पाहिले. जे सापडले त्यात वर मराठी, खाली त्याचंच इंग्रजी, आणि प्रतिक्रिया सगळ्या इंग्रजीत: "छान पोस्ट, मलाही फॉलो करा." ब्लॉगरवर जाहिराती लावून तरी काही मिळतं का, हे कुणी अनुभवानं सांगेल का?

आजऱ्याची_घनसाळ | रविवार, दुपारी १२.१०

मी सांगतो. स्वयंपाक आवरून आत्ता बसलो.

माझा पाककृतींचा ब्लॉग नऊ वर्षांचा आहे. मराठीत. जाहिराती लावल्या तेव्हा दिवसाला चार-पाच सेंट. दहा डॉलर झाले की गुगल तुमच्या घरच्या पत्त्यावर पिन पाठवतं, खरोखरच्या टपालानं. पोस्टमनकाकांनी ते पाकीट आणलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि "परदेशातनं आलंय" म्हणून आधी किराणा दुकानात सांगितलं, मग मला दिलं. दोन दिवसांनी सासूबाईंच्या कानावर आलं की सूनबाई फॉरेनला चाललीय.

पुढं शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे येत नाहीत. मला सहा वर्षं लागली. मराठी पानावरच्या जाहिरातीचा दर इंग्रजीच्या मानानं चिल्लर. आणि जाहिराती कसल्या? तांबड्या रश्श्याच्या पाककृतीखाली पोट कमी करायचं औषध.

पण एक आहे. तो लेख आजही रोज वीसेक लोक वाचतात. पांढऱ्या रश्श्यात खसखस किती, हे शोधत आलेली माणसं. नऊ वर्षांपूर्वीच्या लेखाचे दोन पैसे अजून येतात. तुमच्या त्या साखळीवर सात दिवसांनंतर लेखाचं काय होतं?

एरंडवणे_बाल्कनी | रविवार, दुपारी १२.२२

घनसाळदादा, फारच उपयुक्त माहिती. धन्यवाद.

आजऱ्याची_घनसाळ | रविवार, दुपारी १२.२५

दादा कुठला ओ, ताई! सासू-सुनेचं एवढं लिहिलं तरी दादाच? आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात.

एरंडवणे_बाल्कनी | रविवार, दुपारी १२.२६

क्षमस्व. 🙏

जुना_राजवाडा | रविवार, दुपारी १.४०

ताई, सात दिवसांनंतर त्या लेखाचा गल्ला बंद. लेख राहतो, पण आठव्या दिवशी कुणी मत दिलं तर लेखकाला त्यातनं दमडीही नाही. त्यामुळं तिथं माणूस रोज काहीतरी टाकत राहतो. दळण दळल्यासारखं. तुमची खसखस तिथं असती तर नऊ वर्षांपूर्वीच्या एका आठवड्यात तिचा कारभार आटोपला असता.

वाचकांचं म्हणाल तर मी लोकांना दोष देत नाही, मीही तेच केलं. कुणाच्या लेखावर गोड लिहिलं तर कोण मत देईल, याची वही होती माझ्याकडं. खरंच वही, निळ्या कव्हरची. नायजेरियाचा एक माणूस शेळ्यांवर लिहायचा, त्याला मी रोज "फार माहितीपूर्ण" म्हणायचो. शेळीबद्दल मला आजही काही माहीत नाही.

त्या काळात मत विकतही मिळायचं. बॉटला, म्हणजे आपोआप मत देणाऱ्या प्रोग्रॅमला दोन डॉलर पाठवा, दोन-सव्वादोन डॉलरचं मत घ्या. पाकीट-वाटप, पण उघड, पावतीसकट. नंतर त्याला आळा बसला, कारण २०१९ मध्ये डाऊनव्होट फुकट केले. म्हणजे दुसऱ्याचं बिल कमी करायचाही अधिकार. माझ्या एका लेखाचे चार डॉलर असे शून्यावर आले. कारण विचारलं तर तो डाऊनव्होटवाला म्हणाला, तुझं भांडण नाही, तुला ज्यानं मत दिलं त्याच्याशी माझं आहे. भावकी तिथंही आहे.

आणखी एक गंमत. सुरुवातीला मी माझ्याच ब्लॉगरवरचे जुने लेख तिथं टाकले. लगेच एका बॉटनं खाली येऊन चिकटवलं की हा मजकूर दुसरीकडं सापडला, चोरीचा दिसतो. मग माझ्या ब्लॉगवर 'मीच तो' अशी ओळ लिहून तिचा दुवा द्यावा लागला. स्वतःच्या घरात शिरायला शेजाऱ्याची साक्ष.

कुंभारगल्ली | रविवार, दुपारी ३.०५

मी आजवर इथं फक्त वाचतच होतो. यावर मात्र बोलायलाच पाहिजे.

तिथं पासवर्ड विसरला तर विषय संपला. नवा पासवर्ड पाठवायला पलीकडं कुणी बसलेलं नाही. लिहायची किल्ली वेगळी, पैशाची वेगळी, मालकीची वेगळी. मी हुशारी केली, मोबाईलवर ठेवायला नको म्हणून सगळ्या किल्ल्या कागदावर लिहिल्या आणि तो कागद दुकानाच्या उधारीच्या वहीत घातला.

ऑगस्ट २०१९, पंचगंगेचा महापूर. राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटाला धोका पातळी. पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्याकडं माळ्यापर्यंत होतं. पाणी उतरल्यावर वही सापडली, पानांचा लगदा झालेला. उधारीही गेली, किल्ल्याही. उधारी लोकांनी आपणहून आणून दिली, निदान निम्म्यांनी. किल्ल्या कोण आणून देणार?

माझं खातं आजही दिसतं. गणपतीच्या मूर्ती रंगवण्यावर सतरा लेख, त्यात आमच्या अण्णांचे डोळे रेखतानाचे वर्णन. खाली माझं नाव, वॉलेटात अडीच-तीन हजारांच्या आसपास काहीतरी. कोणीही बघू शकतं, मीही. आत जाता येत नाही.

ताळेबंद | रविवार, दुपारी ४.३०

वाईट वाटलं. लेख तरी कॉपी करून घ्या, वाचायला किल्ली लागत नाही.

भाच्यासाठी कराचं सांगतो, कारण हे कोणी डॉलर मोजताना बघत नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर उपकर. बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असलं तरी या नफ्याला ती सवलत नाही. खरेदीची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही, इंटरनेटचं बिलसुद्धा नाही. एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातनं वळता होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस, ठराविक मर्यादेच्या पुढं. याउलट जाहिरातीचे पैसे हे साधं उत्पन्न. खर्च वजा करा, उरलेल्यावर नेहमीच्या दरानं कर. बारावीच्या पोराचा शून्यच निघेल.

आणि तो अठराचा झालाय का? नसेल तर एक्सचेंजवर खातं निघणार नाही, गुगलच्या जाहिरातींचं, म्हणजे अॅडसेन्सचंही आई-वडिलांच्या नावे काढावं लागेल.

सहावी_गल्ली | रविवार, सायंकाळी ६.१२

सगळे मिळून हायव्हला झोडताय म्हणून दुसरी बाजू.

ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस २०१९ ला. माझ्या तिथल्या पोस्टींचा आज मागमूस नाही. एका मराठी संकेतस्थळावर मी चार वर्षं लिहिलं, चालकाला कंटाळा आला, त्यानं सर्व्हरचं भाडं भरलं नाही, संपलं. हायव्हवर २०१७ चा माझा लेख अजून अक्षर न् अक्षर आहे. मालकानं जाहिरातीचे नियम बदलले म्हणून तो खाली गेला नाही. याची किंमत डॉलरमध्ये लावू नका.

पाचगाव_माळ | रविवार, सायंकाळी ६.५०

ते 'अक्षर न् अक्षर' माझ्या चांगलंच अंगाशी आलंय. २०१८ ला बांधाच्या वादावर मी तिथं रागानं लिहिलं, चुलत्याच्या नावासकट. दोन वर्षांनी वाद मिटला, आता चुलत्याच्याच मळ्यात हुरड्याला जातो. लेख पुसायला गेलो. पानावरनं जातो, साखळीच्या इतिहासातनं जात नाही. आधी काय होतं, नंतर काय केलं, सगळी नोंद कुणालाही काढता येते. चुलत्याचा नातू कॉम्प्युटर इंजिनिअर होतोय. मला धडकी भरते.

आणि फोटो? मजकूर साखळीवर, फोटो कुठल्या तरी साध्या सर्व्हरवर. तो बंद पडला की फोटो गेले. म्हणजे जे राहावं वाटतं ते जातंय, आणि जावं वाटतं ते राहतंय.

जुना_राजवाडा | रविवार, रात्री ९.३०

बरोबर. माझ्या धुक्याच्या चारपैकी दोन फोटोंच्या जागी आता मोडक्या चौकटी आहेत. छत्तीस डॉलरचा लेख, आणि त्यात धुकंच नाही.

रात्री जेवताना हा सगळा धागा भाच्याला वाचून दाखवला. माझं मत सांगितलं: पैशासाठी म्हणून दोन्हीकडं लिहू नकोस. ताईंसारखं साध्या ब्लॉगवर लिही, लोक शोधत येतील असं. माती कशी करतात, हळद किती, तेल किती, ताक कशासाठी. वाटलं तर नंतर एक प्रत हायव्हवर टाक, पण कुणाचं नाव घालून भांडण लिहू नकोस, आणि किल्ल्या दोन घरांत ठेव. एक आमच्याकडं, चौथ्या मजल्यावर.

पोरगं हसायला लागलं. म्हणाला, "मामा, लिहायचं मी कवाच सोडलंय. गुरुवारीच यूट्यूबवर टाकलाय व्हिडिओ." हौद्यात फावडं मारतानाचा, चाळीस सेकंदांचा.

कागलचा_ऊस | रविवार, रात्री ९.३६

मग तिथलं बिल?

जुना_राजवाडा | रविवार, रात्री ९.४४

मी तेच विचारलं. एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलं की जाहिरातीचा वाटा चालू. त्याचे सबस्क्रायबर सध्या एकतीस. त्यातले एकोणीस तालमीतले, नऊ आमच्या घरातले.

आजऱ्याची_घनसाळ | रविवार, रात्री ९.५१

दुवा टाका ओ इथं, बत्तिसावी मी होतो. आणि तुमच्या आजोबांचा लेखही टाका. ती मूठ कानाशी का न्यायचे ते माझ्या सासऱ्यांना ठाऊक असंल, तेही मोल्डिंगमध्येच होते. उद्या सकाळी विचारून सांगतो.